घोळणा फुटणाऱ्या पोरांचं काय? दोन मंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुलांच्या कवटीच्या तळाशी होणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठींच्या शस्त्रक्रियेची राज्यात नीट व्यवस्था लावण्याबाबत

महोदय,

हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितो आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा कारभार एका खात्याकडे आणि मेडिकल कॉलेजांचा दुसऱ्या खात्याकडे, ही वाटणी मंत्रालयात सोयीची असेल. आजारी पोराच्या बापाला ती कळत नाही. त्याला एवढंच कळतं की इथून तिथे जा म्हणाले आणि तिथून परत इथे पाठवलं.

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्यात शाळामास्तर आहे. माझ्या भाच्याच्या आजारपणानंतर आम्ही काही पालकांनी मिळून एक निवेदन दिलं होतं. त्याला एका कार्यालयातून उत्तर आलं. आजार दुर्मिळ आहे, कॅन्सरचा नाही, सबब वेगळी तरतूद करण्याची गरज दिसत नाही, अशा अर्थाच्या चार ओळी. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर. पोर्टलवर प्रकरण ‘निकाली’ दिसतं. ते निकाली निघालेलं नाही, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

आधी आजार काय आहे ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल. आम्हीही ऐकलं नव्हतं. अँजिओफायब्रोमा. नाकाच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे नाक संपून घसा सुरू होतो आणि वर कवटीचा तळ असतो, तिथे ही गाठ उगवते. जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होते, आणि तीही साधारण दहा ते वीस या वयात, मिसरूड फुटण्याच्या सुमाराला. कॅन्सर नाही. शरीरात दुसरीकडे पसरत नाही. पण जागा अशी वाईट की वाढता वाढता गालाच्या मागे शिरते, डोळ्याच्या खोबणीत जाते, कधी कवटीचं हाड सारून मेंदूच्या आवरणाला टेकते. आणि ती नुसत्या रक्तवाहिन्यांचं गाठोडं असते. आपल्या नेहमीच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूचा थर असतो. जखम झाली की वाहिनी आकसते आणि रक्त हळूहळू थांबतं. या गाठीतल्या वाहिन्यांना तो थर धड नसतोच. त्यामुळे एकदा फुटली की ती बिनकॉकच्या नळासारखी वाहते.

भाचा आठवीत असताना त्याचा घोळणा फुटायला लागला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे पोराच्या नाकातून रक्त आलं म्हणून कुणी दचकत नाही. आजी म्हणाली, “पोराले ऊन लागलं, कांदा हुंगवा.” कांदा हुंगवला, डोक्यावर गार पाणी ओतलं, दुर्वांचा रस नाकात सोडला. मग पावसाळा आला, थंडी आली, तरी रक्त येतच राहिलं, आणि दर वेळी डाव्याच नाकपुडीतून. तीच नाकपुडी कायम चोंदलेली. रात्री तोंड उघडं टाकून घोरायचा, बोलणं गेंगाणं झालं. ताईनं त्याला गडद मरून रंगाचे रुमाल आणून दिले. पांढऱ्यावरचे डाग निघत नव्हते आणि वर्गात पोरं चिडवत होती. त्या रुमालांमुळे झालं असं, की रक्त नेमकं किती जातंय ते घरच्यांनाही दिसेनासं झालं.

आता एकेक तक्रार मांडतो.

शाळेच्या आरोग्य तपासणीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी रोजचा माणूस आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. या पथकातले डॉक्टर आणि सिस्टर मन लावून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या हातात तीस आजारांची यादी असते आणि तपासणी त्या यादीबरहुकूम चालते. तीत तीव्र रक्तक्षय आहे, कान वाहणं आहे, किडलेले दात आहेत, फिट येणं आहे. एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा येणारं रक्त नाही. भाच्याच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसल्या, रक्तक्षयाची नोंद झाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी चालू होतीच. एवढं लोह पोटात घालूनही पोराचं रक्त का भरत नाही, असं विचारायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता. रकाना नसला की आपल्याकडे प्रश्नही नसतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात ‘नाकात मांस वाढलंय’ असं सांगण्यात आलं. बॅटरी मारून पाहिलं तर आत खरोखरच लालसर, गुळगुळीत काहीतरी दिसत होतं. तुकडा काढून तपासायला पाठवू, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून भाऊजींना बाहेर बाकावर बसवलं. पाच मिनिटांनी आतून सिस्टर धावत बाहेर आल्या. पुढचं वर्णन करत नाही. नाकात गॉजची पट्टी ठासून भरली, १०८ ला फोन केला, जिल्ह्याच्या गावाला पोचेपर्यंत पोराच्या अंगावरचा शर्ट चिप्प झाला होता. त्या डॉक्टरांचं नाव मी घेणार नाही, त्यांच्या हेतूबद्दल मला शंकाही नाही. पण नाक-कान-घशाच्या पाठ्यपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की वयात येणारा मुलगा, एका बाजूचं बंद नाक आणि वारंवार रक्त हे तीन एकत्र दिसले तर आधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून स्कॅन करायचा, आणि ओपीडीत तुकडा काढायच्या फंदात पडायचं नाही. इतर गाठींमध्ये तुकडा तपासणं हे शहाणपण असतं, या गाठीत त्यानं जीव जाऊ शकतो. निदान बहुतेक वेळा स्कॅनवरच होतं. गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकललेली दिसली की जाणकार डॉक्टर तिथेच ओळखतात. हे एका पानात सांगता येण्याजोगं आहे. मग ते पान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक खासगी नाक-कान-घसा दवाखान्यात आजवर का पोचलं नाही?

स्कॅनचीही एक गंमत ऐका. जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन झाला तो साधा, कॉन्ट्रास्टविना. पुढच्या शहरात सांगितलं, याचा उपयोग नाही, पुन्हा काढा. दुसरा काढला, त्याची सीडी तिसऱ्या ठिकाणच्या संगणकावर उघडेना. भाऊजी शेतकरी माणूस. प्लेटांचं ते मोठं पाकीट खताच्या गोणीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पावसापासून जपत, छातीशी धरून फिरत होते. ई-संजीवनीवरून खेड्यातला पेशंट शहरातल्या डॉक्टरला दाखवता येतो असं सरकार सांगतं. मग एका स्कॅनची चित्रं एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या सरकारी दवाखान्यात तारेवरून जायला अडचण काय आहे?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. शस्त्रक्रिया.

ही गाठ काढायची तर आधी तिचा रक्तपुरवठा तोडावा लागतो. तो बहुतेक वेळा जबड्यामागून जाणाऱ्या धमनीतून होतो. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून ती मानेतून वर त्या धमनीपर्यंत नेतात आणि अगदी बारीक कण सोडून वाट बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. ते झाल्यावर एक ते तीन दिवसांच्या आत गाठ काढावी लागते. उशीर झाला तर शरीर रक्ताच्या नव्या वाटा काढतं आणि केलेलं काम वाया जातं. म्हणजे नळी घालणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, त्याचं अँजिओग्राफीचं मशीन, दुर्बिणीनं नाकातून कवटीच्या तळापर्यंत जाणारा सर्जन, गाठ मेंदूकडे सरकली असेल तर न्यूरोसर्जन, रक्तस्रावाची सवय असलेले भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि ऑपरेशननंतरची आयसीयूतली खाट, हे सगळं एकाच आठवड्यात एकाच छपराखाली जुळून यावं लागतं. पूर्वी यासाठी चेहऱ्यावर नाकाच्या कडेनं चीर द्यावी लागे. आता बऱ्याच गाठी नाकातूनच, बाहेर एकही टाका न पडता निघतात. ज्ञान आहे, हात आहेत, आपल्याच राज्यात आहेत. जुळणी तेवढी नाही.

आम्ही गेलो त्या पहिल्या मोठ्या रुग्णालयात सर्जन उत्तम होते. त्यांनी दारातून आत येणाऱ्या पोराकडे पाहूनच आजार ओळखला. पण एम्बोलायझेशन करणारं कुणी त्यांच्याकडे नव्हतं. त्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले, आणि ते बरोबरच म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, चालवणारे डॉक्टर नोकरी सोडून गेले होते, जागा रिकामी. तिसरीकडे दोन्ही होतं, पण दोन विभागांच्या तारखा जुळेनात. सरकारी आरोग्य योजनेतून एका विभागाची पूर्वपरवानगी येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची, आणि योजनेचा दवाखान्यातला मदतनीस, आरोग्यमित्र, बिचारा दोन्हीकडे हात जोडत फिरायचा. तोवर गाल सुजायला लागला होता. ताई रोज सकाळी पोराला उजेडाकडे तोंड करून उभं करायची आणि दोन डोळे सारखे दिसतात का ते बघायची.

अखेर बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठली. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एम्बोलायझेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून गाठ निघाली. रक्ताच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या, त्यातल्या काही लागल्या. निघालेली गाठ ट्रेमध्ये ठेवून भाऊजींना दाखवली. मोठ्या लिंबाएवढी, फिकट, रबरासारखी घट्ट. एवढ्याशा गोळ्यानं घर हलवलं, असं ते कितीतरी वेळ पुटपुटत होते. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण कर्ज काढून, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास लांब जाऊन, शिक्षक मामा सोबत असल्यामुळे इंग्रजी कागद वाचता आले म्हणून हे जमलं. ज्याला मामा नाही त्यानं काय करायचं?

पुढचा मुद्दा पैशाचा, पण नुसता पैशाचा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलंत, हे चांगलं केलंत. त्याचा आधार नसता तर आम्ही उभेच राहिलो नसतो. पण योजना दवाखान्याच्या फाटकाच्या आत चालते. फाटकाबाहेर गाडीभाडं, राहणं, जेवण, बुडालेली मजुरी. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे. थॅलेसेमियाला आहे, हिमोफिलियाला आहे, सिकलसेललाही आहे आणि आमच्या विदर्भात तिची गरज फार. कॅन्सरग्रस्तांच्या नातेवाइकांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावानं धर्मशाळा आहे. बाबा आमच्या अमरावतीकडचे, त्यांना माणसाची पडलेली होती. पण ‘साधी गाठ’ म्हटली की सवलतीचा अर्ज भरता येत नाही. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण बघावं, तर त्याचा सगळा रोख जन्मजात, आनुवंशिक आजारांवर. म्हणजे आमचं पोर कॅन्सरवाल्यांत बसत नाही आणि दुर्मिळांतही बसत नाही. गाठ मात्र कवटीच्या तळाशी ठाण मांडून बसलेली असते. कॅन्सर नाही म्हणून देवाचे आभार मानावेत तर कागदावर त्याचीच शिक्षा.

आणि ‘दुर्मिळ’ म्हणजे तरी किती? डेन्मार्कमध्ये २३ वर्षांच्या नोंदी तपासून दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला ०.४ असं प्रमाण काढलं गेलं. तोच हिशोब २०११ च्या जनगणनेतल्या ११ कोटी २४ लाखांना लावला तर महाराष्ट्रात वर्षाला ४५ च्या आसपास मुलं होतात. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, आणि हा आजार युरोपापेक्षा भारतात, इजिप्तमध्ये जास्त दिसतो असं डॉक्टर लोक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. तेव्हा हा आकडा कमीतकमी धरा. एका तालुक्याच्या डॉक्टरला आयुष्यात असा एखादाच पेशंट दिसेल, हे मान्य. पण राज्याला दर आठवड्याला जवळपास एक दिसतो. तालुक्यासाठी दुर्मिळ असलेली गोष्ट राज्यासाठी दुर्मिळ नसते, हे त्या चार ओळींचं उत्तर लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. आपल्याकडे अशा पेशंटांची एकत्र नोंदच नसल्यामुळे ते येणार तरी कसं, हेही खरं.

मुंबईच्या त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर मराठवाड्यातली एक मुलगी होती, चौथीतली. तिच्याबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अर्धवट राहील. तिची गाठ वेगळी, क्रॅनिओफॅरिंजिओमा. तीही कॅन्सर नाही, तीही कवटीच्या तळाशीच, पण शरीराची हार्मोन सांभाळणारी पिट्युटरी ग्रंथी आणि डोळ्यांच्या नसा यांच्या अगदी शेजारी. पोरगी दोन वर्षं उंचीला वाढली नव्हती, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चष्म्याचे नंबर बदलत बसले होते. तिचं ऑपरेशन छान झालं. गाठ पूर्ण खरवडायच्या नादात मेंदूचा भूक-तहान सांभाळणारा भाग दुखावला तर पोर आयुष्यभर खा-खा करतं आणि फुगत जातं. त्यामुळे किती काढायची आणि किती ठेवून किरणांवर सोपवायची, हा निर्णय अनुभवी माणसानंच घ्यायचा असतो. तिच्या डॉक्टरांनी तो विचार करून घेतला होता, हे आम्हाला त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

पण त्या पोरीचा खरा आजार डिस्चार्जनंतर सुरू झाला. ग्रंथी गेली की तिची कामं गोळ्यांनी करायची. सकाळ-संध्याकाळ हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडची गोळी, आणि लघवी आवरावी म्हणून डेस्मोप्रेसिन. ती न घेतल्यास पोर दिवसभर पाणी पितं आणि रात्रभर संडासाच्या वाऱ्या करतं. हे जन्मभराचं आहे. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो, उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर ताबडतोब इंजेक्शन, नाहीतर पोर काही तासांत कोसळू शकतं. तिच्या आईला हे सगळं एका सिस्टरनं वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलं होतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीतच होतं. गावच्या आरोग्य केंद्रात यातली किती औषधं मिळतात, आणि तिच्या शाळेतल्या मास्तरला यातलं काय माहीत आहे, याचं उत्तर आपण जाणता. लाखो रुपयांचं ऑपरेशन फुकट करून द्यायचं आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी बाईला शहरातल्या मेडिकल दुकानांत हिंडवायचं, हा कुठला हिशोब?

भाच्याचंही संपलेलं नाही. हाडाच्या आत, कवटीच्या तळाच्या सांदीत, गाठीचा एखादा कोंब राहिला तर ती पुन्हा वाढते. पहिली काही वर्षं म्हणूनच एमआरआय काढत राहावं लागतं. त्याच्या एमआरआयमध्ये एक बारीकसा ठिपका दिसतो. डॉक्टर म्हणतात, घाई करायची नाही, नजर ठेवू. वय वाढेल तसे असे अवशेष काही वेळा वाढायचे थांबतात. नजर ठेवायला आम्ही तयार आहोत. पण त्या नजरेसाठी दर वेळी मुंबई का? एमआरआय जवळच्या शहरात काढून चित्रं तिथल्या सर्जनना दाखवता आली तर पोराची शाळा बुडणार नाही आणि भाऊजींची पेरणीही. या वर्षी दोन्ही बुडाली.

कुणी म्हणेल, अपघात, सर्पदंश, बाळंतपणं एवढी आ वासून उभी असताना तुमच्या चार-पाच डझन पोरांसाठी वेगळी व्यवस्था कशी करायची? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आम्ही प्रत्येक जिल्ह्यात स्कल बेस सेंटर, म्हणजे कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियांचं केंद्र, मागत नाही. तसं मागणं उलट धोक्याचं ठरेल, कारण वर्षाला एखादी अशी गाठ काढणाऱ्या सर्जनच्या हाती पोर देण्यात कुणाचंच भलं नाही. आम्हाला थोडी, पण नक्की ठिकाणं हवीत, आणि तिथवर जायचा ठरलेला रस्ता हवा. जिल्ह्याजिल्ह्यात मेडिकल कॉलेजच्या पाट्या लागताहेत. त्यातल्या एकाही पाटीखाली इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं पद भरलेलं दिसलं तर मी पुढच्या शिक्षक दिनाला आपला जाहीर सत्कार करीन. शाळेच्या पटांगणात, हार-नारळासह.

मागण्या अशा :

१. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम व उत्तर महाराष्ट्र आणि मुंबई-कोकण या प्रत्येक भागासाठी एक सरकारी रुग्णालय मुलांच्या कवटीच्या तळाच्या गाठींसाठी नेमून द्यावं. तिथे नाक-कान-घसा, न्यूरोसर्जरी, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, भूल, बालरोग आणि हार्मोन तज्ज्ञ यांची पदं भरलेली असावीत. जोवर भरत नाहीत तोवर त्या-त्या भागातल्या खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयातल्या तज्ज्ञाला ठरावीक मानधनावर बोलावण्याची परवानगी अधिष्ठात्यांना द्यावी. यासाठी मंत्रालयात फाइल फिरवायला लागू नये.

२. अँजिओफायब्रोमासाठी एम्बोलायझेशन आणि शस्त्रक्रिया यांना जन आरोग्य योजनेत एकाच अर्जावर, एकाच वेळी मंजुरी मिळावी.

३. ‘वयात येणारा मुलगा, एका बाजूचं बंद नाक, वारंवार रक्त : तुकडा काढू नका, कॉन्ट्रास्ट स्कॅन करा, अमुक नंबरवर फोन करा’ एवढ्या मजकुराचं एक पान मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात लावावं आणि खासगी डॉक्टरांपर्यंत त्यांच्या संघटनांमार्फत पोचवावं. बाल स्वास्थ्य पथकाच्या फॉर्मवर रक्तक्षयाच्या रकान्याखाली ‘रक्त कुठून जातं का?’ ही एक ओळ घालावी. मुलगा असो वा मुलगी.

४. सरकारी रुग्णालयांमधले सीटी आणि एमआरआय नेमलेल्या केंद्राला ऑनलाइन बघता यावेत, आणि ऑपरेशननंतरचे स्कॅन पेशंटच्या जवळच्या शहरात मोफत व्हावेत.

५. क्रॅनिओफॅरिंजिओमाच्या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन आणि डेस्मोप्रेसिन जिल्हा रुग्णालयातून दरमहा, खंड न पडता मिळावं. प्रत्येक मुलाला मराठीत एक कार्ड द्यावं, ज्यावर ताप-उलटी झाल्यास काय करायचं ते लिहिलेलं असेल. त्याची एक प्रत शाळेत ठेवण्याची सूचना शिक्षण विभागाला द्यावी. वर्गात पोर कोसळलं तर मास्तरच्या हाती निदान एक कागद असू दे.

६. या मुलांना आणि सोबतच्या एका पालकाला उपचारासाठी एसटीचा मोफत प्रवास द्यावा. रेल्वेच्या सवलतीसाठी राज्यानं केंद्राकडे शिफारस करावी.

७. राज्यात अशा गाठींची मुलं किती, कुठे निदान झालं, किती उशिरानं झालं, कुणी ऑपरेशन केलं, पुढे काय झालं, याची नोंदवही आजपासून सुरू करावी आणि वर्षाला एकदा जाहीर करावी. नावं नकोत, आकडे पुरेत.

यातल्या तिसऱ्या आणि सातव्या मागणीला जवळपास काहीच खर्च येत नाही. दुसरीला तर फक्त एक परिपत्रक लागेल. पहिलीला वेळ लागेल हे आम्हाला समजतं, म्हणून तिच्यासाठी आम्ही येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाची वाट बघू. बाकीच्यांवर आपण काय करणार आहात, आणि कोणती करता येत नसेल तर का, हे दोन्ही खात्यांनी एकत्र बसून जाहीरपणे सांगावं. वेगवेगळी उत्तरं पाठवू नयेत. कोणाकडे काय आहे ते शोधत फिरायची ताकद आता या घरांत उरलेली नाही.

आम्ही उपोषणाला बसणार नाही, घोषणा देणार नाही. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मात्र आम्ही शिक्षक आपल्यापरीनं विचारायला लागलो आहोत, की तुमच्या वर्गात कुणाचा घोळणा सारखा फुटतो का, आणि एकाच बाजूनं फुटतो का. असं एखादं पोर सापडलं तर त्याला कुठे पाठवायचं, त्या रुग्णालयाचं नाव आणि फोन नंबर आपण आम्हाला कळवावा.

आपला,
एक शिक्षक, वऱ्हाड

प्रत माहितीसाठी :
विदर्भ आणि मराठवाड्यातले सर्व आमदार
सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता
सर्व जिल्हा शल्यचिकित्सक